मुलांची यादी मागू नका : इंदूरच्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
इंदूरमधल्या सर्व मराठी मंडळांचे, महिला मंडळांचे आणि गणेशोत्सव समित्यांचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

एचआयव्ही असलेल्या मुलांच्या घरांसाठी मी स्वयंसेविका म्हणून काम करते, त्यामुळे १ डिसेंबर जवळ आला की मला कुठल्या ना कुठल्या मंडळाचा निरोप येतो. यंदाचा व्हॉट्सॲपवर आला. जागतिक एड्स दिनानिमित्त ‘आपल्या समाजातल्या एचआयव्हीग्रस्त मुलांना’ दप्तर, स्वेटर आणि सुक्या मेव्याचं पाकीट द्यायचं ठरलंय, सभागृह मिळालंय, प्रमुख पाहुण्यांनी होकार दिलाय, तरी २१ मुलांची नावं, वय, शाळा आणि एकेक फोटो चार दिवसांत पाठवावा. खाली हात जोडल्याचं चिन्ह.

मंडळाचं नाव लिहीत नाही. माणसं भली आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला तीळभर शंका नाही. पण असा निरोप उद्या दुसऱ्या मंडळाकडूनही येईल, म्हणून उत्तर सगळ्यांनाच देते. यादी मिळणार नाही. मुलं स्टेजवर येणार नाहीत. दप्तरं मात्र हवी आहेत, आणि दप्तरांखेरीजही बरंच काही हवं आहे.

आधी कायद्याचं सांगते, ते लवकर आटपेल. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ सालचा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. शाळा, नोकरी, दवाखाना, भाड्याचं घर, यातल्या कुठेही एचआयव्हीमुळे भेदभाव करायला त्यात मनाई आहे. शिवाय कोणी विश्वासाने सांगितलेली त्याच्या एचआयव्हीची गोष्ट त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही, मूल असेल तर पालकांच्या संमतीवाचून. म्हणजे मी यादी पाठवली तर कायदा मी मोडला. फोटो पेपरात छापून आला की भोगायचं मात्र त्या मुलाने.

‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही हो, लोक शहाणे झालेत,’ असं एक काका मला म्हणाले. तोंडावर कोणी काही बोलत नाही, एवढं खरं. पण घरमालकाला अचानक खोली लागते, कारण त्याच्या मुलाचं लग्न ठरलेलं असतं. ते लग्न पुढे होतच नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं त्या एका घरी जायचं राहून जातं. एकत्र डबा खाल्ल्याने, मिठी मारल्याने, डास चावल्याने एचआयव्ही होत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरी वर्गात मुलाच्या शेजारची जागा रिकामी होते.

मग या घरांना मदत कोणाची? सरकारची आहे, आणि बऱ्यापैकी आहे. सरकारी केंद्रांत एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या उपचाराची, औषधं एप्रिल २००४ पासून फुकट मिळतात. लहान मुलांसाठीचा कार्यक्रम २००६ च्या अखेरीस सुरू झाला. आपल्याकडे एमवाय या सरकारी रुग्णालयात केंद्र आहे. उपचाराला जाताना रेल्वेच्या सेकंड क्लासच्या तिकिटात ५० टक्के सवलत मिळते. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, प्रवेशात मध्य प्रदेशात एचआयव्हीबाधित मुलं वंचित गटात येतात. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतल्या प्रायोजकत्वातून एका मुलाला महिन्याला ४००० रुपये मिळू शकतात. शहरात त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांच्या आत असावं लागतं.

अडचण अशी की यातल्या बहुतेक खिडक्यांवर एक कागद पुढे करावा लागतो आणि त्या कागदावर आजाराचं नाव असतं. तिकिटाच्या खिडकीमागे बसलेला माणूस आपल्याच गल्लीतला निघाला तर? शाळेच्या फायलीत ते प्रमाणपत्र लागलं की आधी क्लार्क वाचतो, मग स्टाफरूममध्ये कुजबुज होते, आणि पालकसभेच्या दिवशी मुलाच्या आईला जाणवतं की आपल्याकडे सगळे जरा जास्तच प्रेमाने बघतायत. म्हणून कितीतरी घरं सवलत सोडून देतात. तिकीट पूर्ण पैसे देऊन काढतात. आरटीईचा अर्ज बीपीएल कार्डावर भरतात. हक्काचं सोडलं आणि पदरचं घातलं, केवळ नाव झाकायला.

सरकारला कागद मागावाच लागतो. उद्या ऑडिट आलं तर दाखवायचं काय? तुमचं तसं नाही. वर्गणी तुमची, निर्णय तुमचा. नाव न विचारता मदत करायची सोय या शहरात कोणाकडे असेल तर ती तुमच्याकडे आहे. आणि तुम्हीच सरकारच्या वरताण कागद मागताय, तोही फोटोसकट! मला राग येतो तो याचा.

एका घराबद्दल लिहिते. भाग सांगत नाही, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. आजी, नातू आणि नातवाची मोठी बहीण. आईवडील दोघंही गेले. बहिणीला एचआयव्ही नाही, नातवाला आहे. आजी चार घरी पोळ्या लाटते. ज्या दिवशी एमवायला जायचं त्या दिवशी सकाळची सगळी घरं बुडतात, कारण पर्ची काढा, वजन करा, डॉक्टरांकडे बसा, समुपदेशकांकडे बसा, मग औषधाची रांग, यात दुपार होते. एका घरच्या बाई त्या दिवसाचे पैसे कापतात. आजींनी खरं कारण सांगितलं तर कापणार नाहीत कदाचित. किंवा कामच काढून घेतील. तो जुगार आजी खेळत नाहीत, गुडघेदुखीचं निमित्त सांगतात.

मुलांचं औषध वजनावर ठरतं. लहानग्यांना पाण्यात विरघळणारी गोळी, वजन वाढलं की मात्रा बदलते, आणि वय दहाच्या व वजन ३० किलोच्या पुढे गेलं की साधारणपणे मोठ्यांचीच, दिवसाला एक. म्हणून काट्यावर उभं राहणं हा त्या घरात मोठा प्रसंग असतो. आजी त्याला बूट काढायला लावतात, खिशातली चिल्लर स्वतःच्या मुठीत धरतात, ‘खोटं वजन नको बाई’ म्हणतात. मागच्या खेपेपेक्षा पावशेर जरी वाढलं तरी घरी गेल्यावर देवापुढे साखर ठेवतात.

गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरात, डाळींच्या डब्यांमागे असते. दुसऱ्या डब्यात ओतायच्या नाहीत, ओल लागते, असं केंद्रात बजावलेलं आहे. बाटली तीच ठेवायची आणि पाहुण्यांच्या नजरेस तर पडू द्यायची नाही. मग आजींनी काय केलं, बाटली ओल्या फडक्याने चोळून चोळून लेबल तेवढं उतरवलं आणि वर मुलांच्या टॉनिकचं चिकटवलं. फार्मसीतल्या माणसाला हे अजिबात आवडणार नाही, ठाऊक आहे. मला त्या बाईच्या डोक्याचं कौतुक वाटतं.

गोळी रात्री नऊला. रोज, आयुष्यभर, न चुकता. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात. गिरण्या बंद पडून जमाना झाला, झांक्यांची रात्र काही चुकत नाही, आणि इंदूरचं पोर त्या रात्री घरात कसं बसेल? मुलाच्या खिशात कागदाची पुडी आणि ताईच्या मोबाईलवर गजर. नऊला त्याने मित्राच्याच बाटलीतलं पाणी मागितलं, गोळी टाकली, ‘व्हिटॅमिन’ म्हणाला आणि पुढची झांकी बघायला पळाला. हे त्याने हसत हसत सांगितलं मला. बारा वर्षांचं पोर, आणि खोटं किती सफाईने बोलतं!

आता शाळेतल्या लोहाच्या गोळीचं बघा. आठवड्याला एक देतात, लहानांना गुलाबी, दहाच्या पुढच्यांना निळी. हल्ली या मुलांना जे औषध असतं त्यात डोल्युटेग्राविर असतं, आणि लोह किंवा कॅल्शियम रिकाम्या पोटी त्याच्यासोबत पोटात गेलं तर ते नीट अंगी लागत नाही. दोन्ही जेवणाबरोबर घ्यावं, नाहीतर डोल्युटेग्राविर लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. आजींच्या घरी गोळी रात्रीची असल्यामुळे पंचाईत होत नाही. ज्या घरी सकाळी शाळेत जाण्याआधी देतात तिथे होऊ शकते. वर्गातल्या बाईंना सांगायला जावं तर सगळंच सांगावं लागेल. इतक्या बारक्या गोष्टीसाठीसुद्धा त्या घराला एक जाणतं, विश्वासाचं माणूस लागतं, ज्याला रात्री फोन करून विचारता येईल. डॉक्टरांना विचारून तेच माणूस उत्तर आणून देईल. सभागृहात एका दिवशी दप्तर देणारे पाहुणे हे काम करू शकत नाहीत.

काही मंडळांच्या मनात बालगृह काढायचं आहे, हेही माझ्या कानावर आलंय. महाराष्ट्रात पंढरपूरची ‘पालवी’, लातूरजवळ हासेगावचं ‘सेवालय’, पुण्याचं ‘मानव्य’ यांनी ज्यांना कोणीच उरलं नव्हतं अशा मुलांना सांभाळलं, आणि तेही गाव दारात उभं करत नव्हतं त्या काळात. त्यांच्यापुढे मी कोण बोलणार? आपल्यातले काही जण तिकडे दरवर्षी पैसे पाठवतात, पाठवत राहा. पण इथे ज्या मुलांना आजी आहे, मावशी आहे, थकलेली का होईना आई आहे, त्यांना घरातून उचलून एका पाटीखाली नेऊन ठेवू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातसुद्धा संस्था हा शेवटचा उपाय म्हटलेला आहे. इमारतीला जेवढा पैसा लागेल त्याच्या व्याजात कितीतरी घरं उभी राहतील. शिवाय मूल अठराचं झालं की संस्थेतून बाहेर पडतं, तेव्हा त्याला मामाचं घर कुठलं, गल्ली कुठली, हे सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. आजीच्या घरातल्या पोराला ते शोधावं लागत नाही.

आजी मात्र थकत चालल्या आहेत. ‘माझ्यामागे कोण?’ हा प्रश्न त्या पोळ्या लाटताना विचारतात, आपल्याकडे न बघता. याचं एक उत्तर त्या २०१७ च्या कायद्यातच आहे आणि ते फारसं कोणाला माहीत नाही. एचआयव्हीबाधित कुटुंबातला बारा ते अठरा वयाचा मोठा भाऊ किंवा बहीण समंजस असेल, घराचा कारभार पाहू शकत असेल, तर धाकट्याचा पालक म्हणून त्याला मान्यता मिळते. शाळाप्रवेश, बँक खातं, मालमत्ता, उपचार या सगळ्यासाठी. या मुलाची ताई सोळाची आहे. पण सोळाची पोर बँकेत जाऊन कलम सांगायला लागली तर काउंटरवरचा माणूस ‘बेटा, किसी बड़े को लेके आओ’ म्हणणार. आपल्यात निवृत्त बँकवाल्यांना तोटा नाही, सकाळी बागेत अर्धी बँक फिरत असते! त्यातल्या एखाद्याने या पोरीबरोबर शांतपणे जाऊन बसावं. वकील मंडळींनी विधवा सुनांची प्रकरणं पाहावीत. नवरा गेला, त्याच्या आजाराचा ठपका सुनेवर आला आणि घरातला वाटा नाकारला, हे आपल्या मराठी घरांतही होतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कसा करायचा हे समजावून सांगणारं एक माणूस मिळालं तरी पुष्कळ.

आणखी एक अवघड काम आहे. मुलाला कळतं कधी आणि सांगतं कोण? शाळेत जाण्याच्या वयात मुलाला त्याच्या आजाराबद्दल बेताबेताने सांगत जावं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपल्याकडे घरचे लांबणीवर टाकतात. ‘रक्त कमी आहे’, ‘फुप्फुस कच्चं आहे’ यावर वर्षं निघतात. आणि मग तेरा वर्षांचं पोर एके दिवशी गोळीवरची अक्षरं मोबाईलमध्ये टाकतं. पुढचे काही दिवस ते कोणाशी बोलत नाही, आणि गोळी खिडकीबाहेर जाते. चौदा-पंधराव्या वर्षी औषध सुटण्याचं हे नेहमीचं कारण, दुसरं म्हणजे नुसता कंटाळा. त्यापेक्षा सात-आठ वर्षांचं असतानाच ‘तुझ्या अंगात एक जंतू आहे, गोळीने त्याला आपण झोपवून ठेवतो, गोळी चुकली की तो जागा होतो’ इथून सुरुवात केलेली बरी. नाव पुढे कधीतरी, समुपदेशकांना बरोबर घेऊन. तुम्ही यात थेट पडू नका. पण त्या मुलाच्या आयुष्यात आजीखेरीज एखादा दादा असू द्या, जो त्याला क्रिकेटला नेतो, गणित शिकवतो, आणि ज्याच्यावर तो चिडू शकतो.

हे सगळं आशेचं काम आहे, रडगाणं समजू नका. औषध नियमित असलं तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसा दबलेला राहिला तर जोडीदारालाही संसर्ग होत नाही. उपचाराविना आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला वेळेवर औषध आणि बाळाला जन्मल्यापासून डोस दिले की ती पाचाच्या खाली येते. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी, शेवटचा निर्वाळा अठरा महिन्यांनी. या दीड वर्षात आई माहेरी-सासरी फिरत असते आणि तपासणी हुकते, म्हणून तिथेही एक आठवण करून देणारी वहिनी हवी. २००६ नंतर ज्या चिमुरड्यांनी औषध सुरू केलं ती आता नोकरी करतायत, लग्नाची झालीत. तुमच्या वधूवर मेळाव्यात त्यांनी काय लिहायचं, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. त्यावर एकदा बसून बोलू.

पैशाचं. माझी सूचना अशी आहे की एचआयव्हीच्या नावाने निधी काढूच नका. दीर्घ आजार असलेल्या कुठल्याही मुलासाठी निधी काढा. टाइप-वन मधुमेहाचं मूल, थॅलेसेमियाचं, सिकलसेलचं, टीबीचं, आणि त्यांच्यातच आपलं. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या आईचाही दिवस दवाखान्यात बुडतो, तिलाही मिळू दे. मग दप्तर घेणाऱ्याकडे बघून कोणाला काही ताडता येणार नाही. कागद बघायचे ते एकाच माणसाने, तुमच्या विश्वासातल्या डॉक्टरने किंवा समाजसेविकेने. त्यांनी ‘पात्र’ म्हणून सही करायची, मंडळाच्या दप्तरी फक्त क्रमांक. फसवणूक होईल का? एखादी होईल. गणपतीच्या मांडववाल्याकडून होते त्याहून कमी होईल.

निधीतून द्यायचं ते असं: दवाखान्याच्या दिवसाचं रिक्षाभाडं आणि बुडालेला रोज, घरभाड्याची अनामत, कारण खोली बदलायची वेळ या लोकांवर वारंवार येते, दहावी-बारावीची शिकवणी, शेंगदाणे, डाळी, अंडी चालत असतील तर अंडी. रक्कम थोडी असली तरी चालेल, पण दर महिन्याला, निदान पाच वर्षं. वर्षातून एकदा हजार आणि मग अकरा महिने शुकशुकाट, त्याने आजीला गणित बसवता येत नाही. ज्यांच्याकडे आउटहाउस रिकामं आहे त्यांनी भाडेकरू ठेवताना घरात कोण कुठली गोळी घेतं याची चौकशी करू नये. आणि संक्रांतीचं वाण देताना एक घर गाळू नये. याला तर पैसेही पडत नाहीत.

१ डिसेंबरचं सभागृह घेतलंच आहे, तर पाहुण्यांना सांगा की बेत बदललाय. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांना बोलवा आणि श्रोत्यांत तुमचेच कार्यकर्ते बसवा. गोळी काय असते, गुप्तता म्हणजे काय, कोणी विश्वासाने सांगितलं तर तोंड कसं बंद ठेवायचं, हे दोन तासांत शिकता येतं. शेवटचं आपल्याला जरा जड जाईल. १०९७ हा सरकारी मदतक्रमांक फलकावर लिहून ठेवा, तो फुकट आहे आणि नाव सांगावं लागत नाही. मुलांपैकी कोणी त्या दिवशी सभागृहात आलंच तर तुम्हाला ते कळणार नाही, मागच्या रांगेत आजीशेजारी बसलेलं असेल.

ज्यांनी २१ दप्तरं आधीच घेतली आहेत त्यांनी ती माझ्याकडे पाठवावीत, वर मंडळाचं नाव न छापता. छापलं असेल तर तेही चालेल, आम्ही उसवू.

खजिनदार विचारतील, हा खर्च ताळेबंदात कुठल्या सदरात दाखवायचा? ‘शैक्षणिक व वैद्यकीय मदत’ लिहा. पावत्या माझ्याकडे तयार असतात, कोणत्याही रविवारी येऊन पाहाव्यात, मी सकाळी दहानंतर घरीच असते.

आपली,
एक स्वयंसेविका,
इंदूर